पाळीव कुत्र्यास नवे घर देताना

बदली झाली वा परदेशी जाणे ठरले की घरच्या कुत्र्याचा प्रश्न उभा राहतो. त्यास बाजारात किंवा समुद्रकिनारी सोडून येणे हा उपाय नव्हे. हातचे अन्न खाऊन वाढलेल्या जनावरास तेथील कुत्री थारा देत नाहीत. सबळ कारणाशिवाय, उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ अन्वये गुन्हाही आहे.

नव्या घराचा शोध महिना-दोन महिने आधीच सुरू करावा. घेणाऱ्यास कुत्र्याचे वय, खाणे व खोडी मोकळेपणाने सांगाव्यात. चावण्याची सवय तर मुळीच लपवू नये. घरात लहान मुले असतील! रेबीजची लस वेळेवर टोचून तिचा दाखला द्यावा. सोबत त्याचे रोजचे अंथरूणही द्यावे. ओळखीच्या वासाने ते लवकर रुळते.