टाकीतले आजारी प्रवाळ

समुद्री मासे आणि प्रवाळ घरच्या काचेच्या टाकीत ठेवण्याचा छंद आता आपल्याकडेही आढळतो. त्यामुळे 'प्रवाळ पांढरे पडले, कोणते औषध घालावे?' असा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावरील विज्ञानशिक्षकालाही कोणी विचारू शकेल. बहुतेक वेळा औषधाची गरज नसते. आधी पाणी तपासावे लागते. असे का, ते पाहू.

प्रवाळ ही वनस्पती नव्हे आणि दगडही नव्हे. ती लहान लहान प्राण्यांची वसाहत असते. प्रत्येक प्राणी पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःखाली चुन्याचा सांगाडा रचतो. त्याच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करून यजमानाला अन्न पुरवते. प्रवाळाचा तपकिरी-हिरवा रंग मुख्यतः त्याचाच. पाणी फार तापले, प्रकाश एकदम वाढला किंवा क्षारता झपाट्याने बदलली, की ही भागीदारी मोडते आणि शैवाल बाहेर टाकले जाते. पारदर्शक मांसातून मग पांढरा सांगाडा दिसू लागतो.

म्हणून पांढरे पडलेले प्रवाळ मेलेलेच असते असे नाही. भिंगातून पाहिल्यास सांगाड्यावर पातळ मांस व बारीक शुंडके दिसत असतील, तर ते जिवंत आहे. परिस्थिती सुधारली तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्याचा रंग परत येऊ शकतो. मांस सोलल्यासारखे निघून खरखरीत सांगाडा उघडा पडला असेल, तर तेवढा भाग मेला. मांस झडणे पुढे सरकत असेल, तर निरोगी भाग थोडे अंतर राखून कापून वेगळा करतात आणि दुसऱ्या दगडावर चिकटवतात. काही जातींत तीव्र विष असते, म्हणून हे काम हातमोजे घालूनच करावे.

काय तपासावे?

पहिले तापमान. ते साधारण २५ ते २७ अंश सेल्सिअस असावे. ३० च्या वर दीर्घकाळ राहिल्यास धोका असतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला, की बाष्पीभवनामुळे तापमान एक-दोन अंशांनी उतरते. मात्र कोकणच्या पावसाळी दमट हवेत हा उपाय कमी पडतो.

दुसरी क्षारता. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. १०० लिटरच्या टाकीत ते ३५०० ग्रॅम झाले. पाच लिटर पाणी उडून गेले तरी क्षार तेवढेच राहतात; म्हणजे आता लिटरला जवळजवळ ३७ ग्रॅम. ही तूट खाऱ्या पाण्याने भरली तर क्षार वाढतच जातील. ती शुद्ध, गोड्या पाण्यानेच भरायची. नळाचे पाणी तसेच वापरू नये, कारण त्यात क्लोरीन असते.

तिसरे, कॅल्शियम. लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम असलेले कॅल्शियम वाढणारी प्रवाळे वापरून टाकतात. ते भरून काढण्याचा एक प्रचलित मार्ग प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीचा आहे: चुन्याची निवळी. निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, आणि फुंकत राहिले की पुन्हा स्वच्छ होते, कारण विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होते. टाकीतही निवळी कार्बन डायऑक्साइड शोषून प्रवाळाला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट पुरवते. पण निवळी तीव्र अल्कधर्मी असते; ती थेंबथेंबच सोडायची. त्यासाठी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड लागते, पानाचा चुना चालत नाही.

चौथे, अमोनिया. जास्तीचे खाद्य किंवा दगडाआड मेलेला मासा हे त्याचे नेहमीचे कारण. तसेच माशांच्या काही औषधांत तांबे असते. ते प्रवाळांना मारक आहे. वीज गेल्यावर पाणी हलते राहावे म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असावा.

दोष सापडला तरी तो एका दिवसात काढायला जाऊ नये. एका वेळी दशांश पाणी, त्याच तापमानाचे व क्षारतेचे, बदलावे. आजारी प्रवाळाला अचानक मिळालेले 'चांगले' पाणीही सोसत नाही.

किनाऱ्यावरचे पाणी का नको?

समुद्र दाराशी असताना पाणी तयार कशाला करायचे, असे वाटेल. परंतु धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट या खाड्या पावसाळ्यात गोडे पाणी आणि गाळ समुद्रात आणतात. गाळाने प्रकाश अडतो, क्षारता उतरते. लक्षद्वीपसारखी मोठी प्रवाळभित्ती आपल्या किनाऱ्यालगत का नाही, याचे एक कारण हेच. तरीही काही चिवट जाती कोकणच्या खडकांवर तगतात. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात आलेली हाजी अली व वरळीची प्रवाळे २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली दुसरीकडे हलवण्यात आली. तिथेही उपाय औषधाचा नव्हता, जागा बदलण्याचाच होता.

अशी प्रवाळे खडकावर दिसली तरी उचलू नयेत. दगडी प्रवाळांना २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. ती गोळा करणे किंवा विकणे गुन्हा आहे. शाळेच्या संग्रहासाठीही ती आणू नयेत, असे आम्ही आवर्जून सांगू.

प्रवाळ नसतानाही हा धडा वर्गात घेता येतो. एका नळीचे खालचे टोक मेणाने बंद करून त्यात थोडी वाळू भरा, म्हणजे ती पाण्यात उभी तरंगेल. गोड्या पाण्यात ती जिथपर्यंत बुडते तिथे खूण करा. समुद्राच्या पाण्यात ही खूण काही मिलिमीटर वर येते. खाडीच्या मुखाजवळचे पाणी जुलैत आणि पुन्हा जानेवारीत शिक्षकांनी स्वतः सुरक्षित जागेवरून आणून द्यावे. दोन खुणांमधला फरक पाहिला, की प्रवाळाला पावसाळा कसा जात असेल हे मुले स्वतःच सांगतील.