लिंबूपाण्याने उतरत नाही, बॉस!

'बिअर म्हणजे काय दारू थोडीच!' असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याच्यासमोर जरा गणित मांडू. ८ टक्केवाल्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. म्हणजे एक बाटली जवळजवळ चार पेगच्या बरोबरीची!

हे अल्कोहोल जातं कुठे? बहुतेक सगळं यकृताकडे. तिथली एन्झाइम्स आधी त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन बनवतात, मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. पण यकृत आपल्याच वेगाने काम करतं, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. म्हणजे त्या एका बाटलीला चार ते सहा तास! लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी फार तर झोप उडेल, हा वेग काही वाढत नाही.

गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. त्यामुळे 'मी एकदम ओके आहे' म्हणणाऱ्या मित्राकडून बाईकची चावी काढून घ्या. चिडला तर चिडू दे. रिक्षाचं भाडं सगळ्यांनी मिळून भरा.