इसार देण्याआधी विम्याचा कागद पाहा

इंद्रायणीचे बियाणे घेताना तुम्ही पिशवीवरचे लेबल वाचता, मुदत पाहता, पावती मागता. मग घराचे काम देताना ठेकेदाराचा एकही कागद का पाहत नाही?

भाजे गावात मृगाआधी कामांची घाई असते. कोणाची कौले चाळायची असतात, तर कोणी लेणी आणि लोहगड पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोली बांधतो. आपल्या भागातल्या अशाच एका कामावर मजूर परांचीवरून पडला आणि त्याचे कमरेचे हाड मोडले. ठेकेदार फिरकेना. दवाखान्याचा खर्च घरधन्याने भाताच्या पैशातून केला. पुढे ठेकेदाराने विम्याचा कागद दाखवला, तो निघाला त्याच्या ट्रॅक्टरचा! परांचीवरून पडलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्याची, हे 1923 च्या कायद्यापासून चालत आले आहे. आता ही तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. म्हणून ठेकेदाराला विचारा, मजुरांसाठी नुकसानभरपाईची पॉलिसी आहे का? शेजाऱ्याची भिंत पडली किंवा वाटसरूला लागले, तर त्याचा विमा वेगळा असतो, तोही विचारा.

पॉलिसीवर नाव ठेकेदाराचेच आहे का, मजुरांची संख्या आणि कामाचा प्रकार जुळतो का, मुदत काम संपेपर्यंत आहे का, हे पाहा. नुसत्या झेरॉक्सवर विसंबू नका. पॉलिसी क्रमांक घेऊन विमा कंपनीच्या कार्यालयात खात्री करा.

गावातल्या लहान गवंड्याकडे पॉलिसी नसेल, तर लगेच काम काढून घेऊ नका. कामापुरती पॉलिसी मिळते का, याची दोघांनी मिळून चौकशी करा आणि हप्ता कोणी भरायचा ते करारात लिहा. मजुरांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का, तेही विचारा. 18 ते 60 वयाच्या आणि आदल्या वर्षात 90 दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराला ती करता येते. बँकेत खाते असेल, तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी 2 लाख रुपयांचे संरक्षण मिळते. मात्र त्यातून दवाखान्याचे बिल भागत नाही.

तुमच्या छपरावर चढणारा मजूरही एखाद्या घरचा कर्ता असतो. तेव्हा विम्याचे विचारताना संकोच करू नका. आधी कागद पाहा, मगच इसार द्या.