साप सुस्त, विष नव्हे!

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर तालुक्यात हिवाळ्याच्या सकाळी शेतात गेले की धुऱ्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ एखादा साप उन्हात पडलेला दिसतो. डिवचले तरी तो लवकर हलत नाही. ‘थंडीत सापाचा जोर जातो’ हा समज यातूनच झाला. तो अर्धाच खरा आहे.

बाहेर कितीही थंडी असो, माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. साप, बेडूक, पाल हे थंड रक्ताचे प्राणी. हवेबरोबर त्यांचे शरीरही गार पडते व मज्जातंतूंचे काम मंदावते. मज्जापेशीच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियम व पोटॅशियमचे विद्युतभारित कण आत-बाहेर होतात आणि संदेश पुढे जातो. थंडीत ही दारे सावकाश उघडतात व मिटतात.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. तंतू थंड करताच तो घटला. पुढे हॉजकिन व हक्सले यांनी माकूळ या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूचा अभ्यास केला. तापमान १० अंशांनी वाढले की या दारांची हालचाल सुमारे तिप्पट जलद होते, असे त्यांनी धरले. या संशोधनाबद्दल त्यांना १९६३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र विष सापाच्या ग्रंथीत तयारच असते. गारठलेल्या सापाला पळता येत नाही, म्हणून तो जागीच उलटून चावू शकतो. विष आपल्या उबदार शरीरात शिरले की थंडीचा अडसर उरत नाही. नाग व मण्यार यांचे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा संदेश अडवते. पापण्या जड होतात, गिळणे अवघड होते, शेवटी श्वास थांबतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. मण्यारीच्या दंशाजागी वेदना वा सूज बहुधा नसते. त्यामुळे दुखत नाही म्हणून थांबू नये.

शेतकरी बांधवांनी सुस्त सापाला हात लावू नये. गंजीत हात घालण्यापूर्वी काठीने आपटावे, पायांत बूट घालावेत, रात्री बॅटरी जवळ ठेवावी. दंश झाल्यास आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, बर्फ लावू नये. चावलेला अवयव हलू न देता रुग्णाला तत्काळ सरकारी रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ मात्र भरून निघत नाही.