‘खुली जागा’ म्हणजे कोणती?

आमच्या घरामागच्या मैदानासाठी केलेला अर्ज मीच लिहिला होता. विकास योजनेतले ‘खेळाचे मैदान’ हे आरक्षण बदलून तिथे ‘वाहनतळ’ करण्याची सूचना प्रसिद्ध झाली, तेव्हा आम्ही घरोघर फिरून सह्या जमवल्या. अर्जात मुलांचे बालपण होते, ज्येष्ठांचा फेरफटका होता आणि शेवटी एकच मागणी होती : ‘ही जागा खुली ठेवावी.’ सुनावणीला अधिकारी शांतपणे म्हणाले, “वाहनतळावर छप्पर नाही. जागा खुलीच राहणार आहे. मग तुमची हरकत नेमकी कशाला?” आमच्याकडे उत्तर नव्हते. आज तिथे गाड्या उभ्या असतात.

त्यानंतर मी जमिनीच्या वादांतले निकाल वाचायला घेतले. हाच शब्द त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर भेटला तो मुंबईच्या गिरणगावात. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ नुसार गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना साधारण एक-तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक-तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी फक्त ‘खुल्या जमिनी’ला लागू झाली. आता गिरणीच्या आवाराचा बराच भाग शेड आणि गोदामांनी व्यापलेला. ती पाडल्यावर मोकळी होणारी जमीन ‘खुली’ धरायची की नाही? बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेवर ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती धरावी असे म्हटले. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मुळात रिकामी होती तेवढीच जमीन खुली ठरली आणि लोकांच्या वाट्याची जमीन आक्रसली.

तिथे याचिकेच्या भाषेत खोट नव्हती. नियमातला शब्दच निर्णायक ठरला. म्हणूनच नियम किंवा आराखडा कच्चा असतानाच त्यातल्या शब्दांवर बोट ठेवावे लागते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ तशी संधी देतो. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की कलम २६ खाली, आणि मंजूर योजनेत फेरबदल करायचा असेल तर कलम ३७ खाली, नागरिकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मुदत मर्यादित असते. बहुतेकांचे ते दिवस सह्या गोळा करण्यात जातात. सूचनेसोबतचा नकाशा कुणी उघडून पाहत नाही. आम्हीही पाहिला नव्हता.

सह्यांचे महत्त्व मी नाकारत नाही. पण हरकत हे निषेधाचे पत्रक नव्हे. ती वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात : जमीन कोणती, प्रस्तावातला कोणता बदल मान्य नाही आणि त्याऐवजी काय हवे. ‘आमच्या भागातले मैदान’ म्हटल्याने जमीन ठरत नाही. सर्व्हे क्रमांक आणि आरक्षण क्रमांक लागतो. ‘हिरवळ’, ‘मोकळी जागा’ हे बोलण्यातले शब्द झाले. आराखड्यात ‘उद्यान’ वेगळे, ‘खेळाचे मैदान’ वेगळे आणि ‘ना-विकास विभाग’ आणखी वेगळा. ‘योग्य निर्णय घ्यावा’ अशी विनंती केली, तर कोणताही निर्णय त्यात बसतो.

तो अर्ज आज लिहायचा झाला तर मी मागणी अशी लिहीन : ‘सर्व्हे क्रमांक अमुक, आरक्षण क्रमांक अमुक येथील “खेळाचे मैदान” हे आरक्षण मंजूर हद्द व क्षेत्रफळासह कायम ठेवावे, ते बदलून “वाहनतळ” करण्याचा प्रस्तावित फेरबदल रद्द करावा, सुनावणीत आमचे म्हणणे ऐकावे.’ वर सूचनेचा क्रमांक व दिनांक, खाली मुदतीच्या आतली तारीख, आणि हातात आवक क्रमांकाची पोच.

यामुळे मैदान नक्की वाचले असते, असा दावा मी करणार नाही. पण ते घेण्यासाठी त्यांना आमची मागणी फेटाळावी लागली असती, आणि फेटाळण्याचे कारण विचारता आले असते. आमच्या अर्जाने ती वेळच येऊ दिली नाही. आम्ही मागितले तेच आम्हाला मिळाले.