चिंधीला भाव, शिवणाऱ्या हाताला दाम
बाहुलीच्या गादी-गोधडीचा छोटा धंदा : एक विचार

कापडाच्या धंद्यात चिंधी सर्वांत खालच्या पायरीवर असते. ताग्याला भाव आहे, कटपीसला भाव आहे, कटपीसमधून उरलेल्या तुकड्यालाही पिशव्या शिवणारे गिऱ्हाईक मिळते. पण टेलर मास्टरच्या मशीनखाली पडलेल्या वीतभर कातरणीला कुणी विचारत नाही. अमडापूरसारख्या गावात ती गॅरेजवाल्याकडे तेल पुसायला जाते, नाहीतर चुलीत. याच वीतभर कापडातून मुलींच्या बाहुल्यांसाठी गादी, उशी, गोधडी, ओढणी, पिशवी अशा वस्तू शिवता येतात आणि विकताही येतात. विषय पोरखेळाचा वाटेल. परंतु ज्या घरात शिलाई मशीन आहे आणि काम मात्र रमजान ईद, लग्नसराई आणि जूनमधील शाळेचे गणवेश एवढ्यापुरतेच आहे, त्या घरासाठी हा प्रश्न चुलीशी निगडित आहे. म्हणून आम्ही तो आजच्या पानावर घेत आहोत.

कापूस आमचा, शिलाई कुणाची?

अमडापूर हे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील, खामगाव-चिखली रस्त्यावरचे गाव. सोयाबीन आता पुष्कळ होते, तरी हा मुलूख मूळचा कापसाचा. खामगावच्या कापूस बाजाराची ख्याती एवढी होती की, १८७० साली तिथल्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. तेव्हापासूनचा क्रम फारसा बदललेला नाही. सरकी काढलेली रुई गाठी बांधून बाहेर जाते, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवरचे कापड तागे होऊन आमच्या दुकानात येते, आणि कताई, विणाई, रंगाई, छपाई या प्रत्येक टप्प्याची कमाई वाटेतल्या गावांत राहते. आमच्या गावात राहते ती फक्त शिलाईची मजुरी. तयार कपड्यांनी आता तीही अर्धी करून टाकली आहे. पन्नास-साठ रुपयांना तयार फ्रॉक मिळत असेल तर कापड घेऊन मुलीचा फ्रॉक शिवायला कोण येणार?

मोठ्या कारखान्याशी मोठ्या मालात टक्कर देणे शिंप्याला जमणारे नाही. ज्या मालात कापड नगण्य आणि हातकाम जास्त, तिथे मात्र त्याला उभे राहता येते. बाहुलीचा बिछाना हा अशा मालाचा अगदी सरळ नमुना आहे. त्यात कापडाची किंमत जवळजवळ शून्य आणि किंमत जी काही आहे ती टाक्याची.

खेळ जुनाच आहे

चिंध्यांची बाहुली आपल्याकडे नवी नाही. आपल्या घरांत गुड्डा-गुडियाचे ब्याह लागतात, शेजारच्या मराठी घरांत भातुकली मांडून बाहुला-बाहुलीचे लग्न होते. त्या निमित्ताने आईच्या जुन्या ओढणीतून गुडियाचा दुपट्टा निघतो आणि मुलगी सुईत दोरा ओवायला शिकते. दीनदार घरांतील काही मंडळी बाहुल्यांच्या बाबतीत शंका काढतात. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, हजरत आयेशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत असत, हे सहीह बुखारीत आहे. अबू दाऊदच्या रिवायतीत तर त्यांच्या खेळण्यांतील एका घोड्याला चिंध्यांचे पंख लावलेले होते आणि ते पाहून प्रेषित (स.) हसले, असा उल्लेख येतो. चेहऱ्याच्या बाहुलीबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते ज्याने त्याने आपल्या आलिमला विचारावेत. पण गादी, उशी आणि पिशवीला चेहरा नसतो. ज्याला बाहुली विकायची नाही, त्यानेही हा माल शिवायला हरकत दिसत नाही.

बाहुली एकदा, कपडे पुन्हा पुन्हा

या धंद्याचे मर्म ज्यांनी ओळखले ते अमेरिकेतले. मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर यांनी १९५९ साली बार्बी नावाची साडेअकरा इंची बाहुली बाजारात आणली. किंमत ठेवली तीन डॉलर. कपडे मात्र वेगळे विकायला ठेवले. हिशेब सरळ होता. मुलगी बाहुली एकदा घेते, पण तिच्यासाठी कपडे पुन्हा पुन्हा मागते. पहिल्याच वर्षी सुमारे साडेतीन लाख बाहुल्या विकल्या गेल्या. आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. त्या बाहुल्या तेव्हा जपानमध्ये तयार होत आणि त्यांचे चिमुकले कपडे जपानी स्त्रिया घरी बसून शिवत असत. म्हणजे ज्या मालावर एवढी मोठी कंपनी उभी राहिली, त्याची शिलाई कारखान्यात नव्हे, घराघरांत होत होती.

हे आपल्याकडे का होऊ नये? कापड आहे, मशीन आहे, हातही आहेत. कमी आहे ती एका गोष्टीची, ती म्हणजे मापाची. घरची आई आपल्या मुलीच्या बाहुलीसाठी अंदाजाने शिवते. दुकानात विकायचे तर प्रत्येक नग सारखाच यायला हवा. चिंधीची वस्तू होते ती ठरलेल्या मापाने.

माप आणि शिलाई

बाजारात सर्वाधिक दिसणारी बाहुली साधारण २९-३० सेंटिमीटर उंचीची असते. तिच्यासाठी पुढील मापे धरावीत. सर्व बाजूंनी एक-एक सेंटिमीटर शिवण धरली आहे.

गादी : ३४ बाय १८ सेंटिमीटरचे दोन तुकडे. तयार गादी ३२ बाय १६.
उशी : १४ बाय ९ चे दोन तुकडे. तयार उशी १२ बाय ७.
गोधडी : ३२ बाय २२ चे दोन तुकडे. तयार गोधडी ३० बाय २०.
पिशवी : ८ बाय २२ ची एक पट्टी. दोन्ही टोके दीड-दीड सेंटिमीटर दुमडून टीप मारावी, पट्टी मधोमध घडी घालून दोन्ही कडा शिवाव्यात. सुमारे साडेनऊ सेंटिमीटर उंच आणि सहा रुंद पिशवी होते.
ओढणी : ४५ बाय १२ ची पट्टी, चारही कडा बारीक दुमडून.

कातरण बेताबाताची असते, म्हणून जाड पुठ्ठ्याचे नमुने कापून ठेवावेत. नमुना तुकड्यावर ठेवून खडूने रेघ मारायची आणि मगच कात्री लावायची. ताणा-बाणा सरळ धरावा, तिरपे कापलेले कापड शिवताना ओढले जाते. धुवट सुती तुकडा उत्तम. नवे सुती कापड असेल तर आधी भिजवून वाळवावे, म्हणजे नंतर आटणार नाही. गडद लाल, निळे, काळे कापड ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावे. रंग सुटत असेल तर तो तुकडा वापरूच नये, कारण असा रंग बाहुलीच्या रबरी अंगाला लागला की निघत नाही आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

गादी, उशी व गोधडीची रीत एकच. दोन तुकडे सुलट बाजू आत करून जोडायचे, चारही बाजूंनी टीप मारायची, एका बाजूला चार-पाच सेंटिमीटरचे तोंड उघडे सोडायचे. कोपरे थोडे कातरून माल उलटवून घ्यायचा. गादी-उशीत पिंजलेला कापूस भरून तोंड हाताने बारीक टाक्यांनी बंद करायचे. गोधडीत पातळ थर घालून वरून धावदोरा घालायचा. भरणासाठी मशीनखालचा केर वापरू नये, त्यात तुटलेली सुई आणि टाचणी असू शकते. आपले पिंजारी बांधव पिढ्यान्पिढ्या गाद्या-रजया भरत आले आहेत. त्यांच्याकडे उरणारा स्वच्छ कापूस अशा उश्यांना पुरतो.

कातरण संपली आणि ऑर्डर पुरी करायची असेल तर ताग्यातून किती नग निघतात तेही माहीत असावे. ९० सेंटिमीटर पन्ह्याच्या एक मीटर कापडात गोधडीचे १२ तुकडे बसतात, म्हणजे सहा गोधड्या.

मणी-टिकली नको

माल खुलावा म्हणून मणी, टिकल्या, घुंगरू, छोटी बटणे लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. लहान मूल हाताला येईल ते तोंडात घालते. खेळण्यांच्या मानकात तीन वर्षांखालील मुलांसाठी एक चाचणी असते. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका छोट्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते, ती घशात अडकू शकते असे धरले जाते. आपले बटण आणि मणी त्या नळीत सहज मावतात. सजावट करायचीच तर रंगीत दोऱ्याचे भरतकाम करावे. ते सुटून तोंडात जात नाही, शिवाय मालाची शोभा आणि मजुरी दोन्ही वाढवते. पिशवीला लांब नाडी लावू नये, गळ्यात अडकण्याचा धोका असतो. तयार झालेला प्रत्येक नग बोटांनी दाबून पाहावा की आत टाचणी राहिली नाही.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने २०२० साली खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचा आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. आदेशातील व्याख्या 'मुलांच्या खेळासाठी बनवलेली वस्तू' अशी व्यापक आहे. तेव्हा ही तर नुसती गोधडी आहे, असे म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नये.

मात्र याच आदेशात कारागिराला सूट आहे. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराने स्वतः बनवलेल्या आणि स्वतः विकलेल्या मालाला शिक्क्याची सक्ती नाही. हे शब्द आमच्या व्यापारी बांधवांनी नीट वाचावेत. सूट कारागिराला आहे, व्यापाऱ्याला नाही. दहा घरांतून माल गोळा करून आपल्या नावाच्या वेष्टनात विकू असा बेत असेल तर ती सूट आपल्याला लागू आहे, असे समजू नये. सुरक्षित वाट ही की, शिवणाऱ्या बहिणीची नोंद व्हावी, तिला कारागिराचे ओळखपत्र मिळावे, विक्री तिच्या नावाने व्हावी, आणि व्यापाऱ्याने तिला कापड, जागा व गिऱ्हाईक मिळवून द्यावे. आम्हाला तर यात कायद्याची अडचण कमी आणि इन्साफ जास्त दिसतो. आजवर माल तिचा आणि नाव दुकानाचे, असेच चालत आले आहे.

त्याचबरोबर परदेशी खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाले. स्वस्त आयात मालाची लाट त्यामुळे काहीशी अडली. देशी कारागिराला मोकळीक मिळाली ती अशी.

मजुरीचा हिशेब

आता खरा प्रश्न. घरगुती शिलाईत सर्व वस्तूंची किंमत धरली जाते, फक्त बाईच्या वेळेची धरली जात नाही. घरीच तर बसली होती, असे म्हणून नगामागे दोन-तीन रुपये हातावर ठेवले जातात. ही रीत धंद्याची नव्हे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. समजा गादी, उशी, गोधडी असा एक संच शिवायला ४० मिनिटे लागतात आणि मजुरी तासाला ६० रुपये धरली. म्हणजे संचाची मजुरी ४० रुपये. कापूस, दोरा, वेष्टन आणि कातरणीबद्दल टेलर मास्टरला काही, असे मिळून १० रुपये. माल पडला ५० रुपयांना. विक्रेत्याचे १० धरून किंमत झाली ६०. आता गिऱ्हाईक म्हणाले की पन्नासच देईन, तर आपल्याकडे पहिली कात्री मजुरीला लागते. त्याऐवजी वेळेला लावावी. एकेक संच सुरू करून संपवण्यापेक्षा आधी वीस संचांची कटाई, मग सलग टीप, मग उलटवणे, मग भरण असे केले आणि संच ३० मिनिटांत उतरू लागला, तर तासाला तेच ६० रुपये देऊन मजुरी ३० होते आणि किंमत पन्नासवर येते. गिऱ्हाईक राजी, विक्रेत्याचे दहा कायम आणि बहिणीच्या कमाईला धक्का नाही. हे न जमल्यास तो माल त्या किमतीला विकूच नये. मजूर उपाशी ठेवून मिळवलेल्या नफ्यात बरकत कसली?

हेही खरे की, एकट्या अमडापुरात असे संच रोज खपणार नाहीत. ईद, शाळेची सुट्टी, गावोगावच्या जत्रा आणि चिखली, खामगाव, बुलढाण्याची खेळण्यांची दुकाने मिळूनच बाजार होतो. म्हणून आधी पाच-दहा संच शिवून दाखवावेत, मागणी पाहावी, मगच हात वाढवावा. हा मोकळ्या महिन्यांचा जोडधंदा आहे, त्याच्या भरवशावर चालू शिलाई सोडू नये.

योजनेचा लाभ

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत शिंपीकाम आणि पारंपरिक बाहुल्या-खेळणी बनवणे हे दोन्ही आहेत. नोंदणी सामुदायिक सेवा केंद्रावर होते, पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते, आणि कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत ही त्यातील तरतूद आहे. पुढे ५ टक्के व्याजाने कर्जही आहे. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे, त्यांनी कर्ज न घेता प्रशिक्षण आणि अवजारांपुरता लाभ घ्यावा. कर्ज घेतलेच पाहिजे असे बंधन नाही.

कापड व्यापाऱ्यांना आमची एक विनंती आहे. दुकानातले उरलेले तुकडे आणि ओळखीच्या मास्टरांकडची कातरण महिनाभर एका पोत्यात जमवा. सुती वेगळे, रेशमी वेगळे, वीतभराहून मोठे वेगळे अशी निवड करून ते पोते मशीन असलेल्या एखाद्या घरात पोहोचवा, सोबत पुठ्ठ्याचे तीन नमुने द्या आणि मजुरी आधी ठरवा. कापूस या मातीतला आहे. त्याच्या शेवटच्या वीतभर तुकड्याची कमाई तरी इथल्याच हातात राहू द्या.