पुलासाठी देणगी, गाळासाठी खर्च

फ्रान्समधल्या जिवेर्नी गावात, चित्रकार क्लोद मोनेच्या बागेत एक हिरवा लाकडी पूल आहे. चित्रांमधून त्याची ओळख झालेल्या माणसाला तो प्रत्यक्षात लहानच वाटतो. कॅनव्हासवर तो या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेला असतो; इथे काही पावलांत संपतो. बाग १ एप्रिलला उघडते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होते. तेवढ्या सात महिन्यांत पाच लाखांहून जास्त माणसं येतात आणि पुलावर फोटोसाठी खोळंबतात. मात्र ज्या कठड्याला टेकून ते फोटो निघतात, तो मोनेच्या काळातला नाही. हे लाकूड १९७०च्या दशकाच्या अखेरीनंतरचं, आणि बागेच्या त्या जीर्णोद्धाराचा पैसा मुख्यतः अमेरिकेतून आला.

मोने १८८३ मध्ये जिवेर्नीत भाड्याच्या घरात राहायला आला आणि १८९० मध्ये त्यानं ते घर विकत घेतलं. पुलाखालच्या तळ्याची जमीन १८९३ मधली. ती रेल्वेच्या रुळांपलीकडे होती आणि तिथे एप्त नदीच्या एका फाट्याचं पाणी वळवून आणायचं होतं. गावकऱ्यांनी हरकत घेतली: तळ्यातल्या कमळांसारख्या परदेशी वनस्पतींनी पाणी बिघडलं तर गुरांनी काय प्यायचं? मोनेनं जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला पत्रं लिहून परवानगी मिळवली. १८९५ मध्ये पूल त्याच्या चित्रांत दिसू लागला. जपानी बागांमधले असे पूल बरेचदा लाल असतात, मोनेनं तो हिरवा रंगवला. पुढे त्यावर कमान चढवली आणि कमानीवर विस्टेरियाचे वेल सोडले.

१९२६ मध्ये मोने गेला. सावत्र मुलगी आणि सून अशी दोन्ही नाती असलेल्या ब्लांशनं १९४७ पर्यंत बाग सांभाळली. त्यानंतर मात्र आबाळ झाली. मुलगा मिशेल १९६६ मध्ये मोटार अपघातात वारला आणि मृत्युपत्रानुसार ही मालमत्ता फ्रान्सच्या ललित कला अकादमीकडे आली. अकादमीकडे घर आलं, पण ते उभं करण्याइतका पैसा नव्हता. छताची दुरुस्ती झाली, बाकीचं तसंच राहिलं. तक्तपोशी कुजलेली, जिना कोसळलेला, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांच्या हादऱ्यांनी हरितगृहाच्या काचा फुटलेल्या, मोठ्या स्टुडिओत चक्क झाडं उगवलेली. तळं गाळानं भरलं होतं आणि पाणउंदरांनी बिळं करून काठ पोखरले होते. पूल तर दुरुस्तीच्या पलीकडे गेला होता.

पाण्यावरचा लाकडी पूल एकाएकी पडत नाही. आधी जातात तुळयांची टोकं, जिथे ती काठाच्या ओल्या मातीला टेकतात. मग सांधे, जिथे पावसाचं पाणी मुरतं आणि वाळायला जागा मिळत नाही. वर वेलाची सावली असली की ओल आणखी टिकते. बाहेरून रंग धड दिसतो, पण टोचा खुपसला की तो सहज आत जातो.

१९७७ मध्ये जिवेर्नीची जबाबदारी जेराल फान देर केंप यांच्याकडे आली. व्हर्सायच्या राजवाड्याचे ते प्रमुख होते आणि त्याच्या डागडुजीसाठी पैसा उभा करण्यात मुरलेले होते. त्यांच्या पत्नी फ्लोरेन्स मूळच्या अमेरिकी. दोघांनी १९७० मध्ये अमेरिकेत व्हर्साय फाउंडेशन स्थापन केलं होतं. त्यामागे व्यवहार होता: अमेरिकी माणसानं थेट परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर सहसा करसवलत मिळत नाही, अमेरिकेत नोंदलेल्या धर्मादाय संस्थेला दिली तर मिळते. जिवेर्नीसाठीही हीच वाट वापरली गेली. ‘रीडर्स डायजेस्ट’च्या सहसंस्थापक लीला अचेसन वॉलेस सर्वांत मोठ्या देणगीदारांपैकी एक ठरल्या.

अमेरिकेतच हात पसरायला आणखी एक कारण होतं. मोनेची कितीतरी चित्रं तिकडच्या संग्रहालयांत आहेत. शिवाय १८८७ पासून अमेरिकी चित्रकारांची एक वसाहतच जिवेर्नीत जमली होती आणि त्यांतल्या थिओडोर बटलरनं मोनेच्या सावत्र मुलीशी लग्न केलं होतं. त्यामुळे देणाऱ्याला हे गाव अगदीच परकं नव्हतं.

निधी मागणाऱ्याची खरी कसोटी पुढे लागते. पूल मागायला सोपा. त्याचं चित्र देणाऱ्याच्या डोळ्यासमोर असतं आणि काम झालं की बोट दाखवून सांगता येतं, हे आम्ही केलं. पण नुसता पूल बांधून भागत नाही. खालचं तळं नव्यानं खणायचं, गाळ काढायचा, काठांना आधार द्यायचा, पाणी खेळतं ठेवायचं. गाळावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही. म्हणून मागताना पूल आणि कमळं पुढे ठेवायची आणि हिशेबात तळं, काठ, पाणी त्यांच्याच पोटात घालायचे, हा या कामातला जुना शहाणपणा. काही देणग्या मात्र एखाद्या ठरावीक गोष्टीसाठी येतात. घराकडच्या बागेतून तळ्याकडे जाताना आता रस्त्याखालून भुयारी वाट आहे. तिचा खर्च ब्रिटनमधले अमेरिकेचे माजी राजदूत वॉल्टर ॲनेनबर्ग यांनी उचलला.

गंमत म्हणजे वर्गणी गोळा करण्याचं काम खुद्द मोनेनंही केलं होतं. मित्र एदुआर माने वारल्यावर त्याची विधवा अडचणीत होती आणि ‘ऑलिम्पिया’ हे चित्र अमेरिकेत विकलं जाण्याच्या बेतात असल्याचं १८८९ मध्ये मोनेच्या कानावर आलं. २०,००० फ्रँक जमवून चित्र विकत घ्यायचं आणि देशाला द्यायचं असं त्यानं ठरवलं. महिनोन्‌महिने पत्रं लिहिली. कुणी हजार फ्रँक दिले. शिल्पकार रोदँनं पंचवीस दिले, निदान यादीत नाव असावं म्हणून. कादंबरीकार झोलानं साफ नकार दिला. रक्कम ठरल्यापेक्षा थोडी कमी भरली, तरी सौदा झाला आणि १८९० मध्ये सरकारनं चित्र स्वीकारलं. मोनेचं स्वतःचं चित्रकाम मात्र त्या काळात बरंच मागे पडलं.

जिवेर्नीतला नवा पूल जवळच्या व्हेर्नों गावातल्या कारखान्यानं बीच वृक्षाच्या लाकडाचा घडवला. जुने फोटो आणि मोनेची चित्रं यांवरून बागेचं रूप पुन्हा जुळवलं गेलं. मोनेनं लावलेला विस्टेरिया तग धरून होता, तो राखला. १९८० मध्ये बाग लोकांसाठी उघडली.

देणगीतून पूल एकदाच होतो. बीचचं लाकूड उघड्यावर फार टिकाऊ नाही, ते रंगवत राहावं लागतं. विस्टेरियाची खोडं वर्षागणिक जाड होतात आणि ज्याला विळखा घालतात त्यालाच आवळतात, म्हणून त्यांची छाटणी चुकवून चालत नाही. माळी होडीत बसून कमळांची जास्तीची पानं कापतात आणि शेवाळ काढतात, म्हणजे मधलं पाणी मोकळं राहून त्यात आभाळ दिसतं. या रोजच्या खर्चासाठी कुणी मोठा देणगीदार पुढे येत नाही. त्यासाठी दारावरचं तिकीट आहे: फोटोसाठी पुलावर खोळंबलेला प्रत्येक जण त्या दिवशीच्या छाटणीतला आपला वाटा दारातच भरून आलेला असतो.